ओठांतल्या टाचण्या

पाववाल्या बाईची कंबर दीड इंच आत घ्यायची होती, आणि का घ्यायची, हे ती तिसऱ्यांदा सांगत होती. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागल्यापासून म्हणे तिने साखरेचा कण जिभेवर ठेवला नव्हता.

शिंपीणबाईंच्या ओठांत चार टाचण्या होत्या, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. दरवर्षी हेच. कपाळाला राख लागली की अर्धी वस्ती गोड सोडणार, आणि ईस्टर झाला की तीच शिवण उसवायला परत येणार. पोट तेवढं आत जायचं, मन होतं तिथेच. असल्या भक्तीची त्यांना शिसारी यायची.

त्यांचा नेम वेगळा होता. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये फादर म्हणाले होते, "साखर सोडून देवाला काय मिळणार? जे सोसवत नाही, ते थोडं थोडं सोसा. आतून बदला." मग प्रत्येकाने आपला नेम चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकला. शिंपीणबाईंनी लिहिलं, 'कुणालाही टाकून बोलणार नाही.'

नेम सोपा नव्हता. सुनेच्या आईवडिलांसमोर सुनेला त्या एकदा काहीबाही बोलल्या होत्या, आणि एकुलता एक मुलगा बायकोला घेऊन निघून गेला होता. राहायचा दोन गल्ल्या सोडून, चर्चमध्ये बसायचा पलीकडच्या बाजूला. दोन वर्षांत एक शब्द नाही. त्यामुळे आता कुणी समोर आलं की त्या टाचण्या ओठांत धरत. मनात यायचं ते येतच होतं, बाहेर पडत नव्हतं एवढंच.

आणि पहिल्याच शुक्रवारी मुलगा दारात उभा राहिला.

स्टुलावर बसला. गुडघे कसे आहेत विचारलं, चहा घेतला, तासाभराने उठला. पुढच्या शुक्रवारीही आला, त्याच्या पुढच्याही. बोलणं बेताचंच, पण आवाज एकदाही चढला नाही. मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. संसारी माणूस, कामं असतात.

एकदा त्यांनी टाचण्या काढून म्हटलं, "उशीर होत असेल तर जा रे."

"नाही, आई. सहापर्यंत आहे मी."

शिंपीणबाईंना भरून आलं. माणूस आतून बदलला की दुसऱ्याला न सांगता कळतं, हे त्यांना पटलं. त्या पाववालीला मरेपर्यंत कळलं नसतं. ईस्टरला द्यायला म्हणून त्यांनी मुलासाठी शर्ट बेतला. अंगाला टेप लावायची गरज पडली नाही, माप डोळ्यांत होतं.

शेवटच्या आठवड्यात फादरांनी चिठ्ठ्यांची पेटी आणि जांभळं कापड पाठवलं. चिठ्ठ्या न उघडता कापडावर टाचायच्या, गुड फ्रायडेला ते क्रुसाखाली अंथरायचं.

पिठाच्या बोटांच्या खुणेवरून ओळखून शिंपीणबाईंनी पाववालीची तेवढी उघडली. 'साखर.' त्या नाकातून हसल्या.

मग हाताला एक चिठ्ठी लागली. कागद पातळ होता, मुलाची तिरकी अक्षरं मागून दिसत होती. काय लिहिलं असेल त्याने? आईला माफ करीन? त्यांनी टाचण्या उशीत खोचल्या, चष्मा पुसला आणि घडी उलगडली.

'सोसायचं ते : आईजवळ बसणं. दर शुक्रवारी पाच ते सहा. ईस्टरपर्यंतच.'