मोठ्या टाक्यांचा महिना

पुढचे दिवस आधीच जगून दाखवणारी पूर्वानुभवाची टोपी काढली तरी शलाका खुर्चीतून उठली नाही. गर्भाशयातल्या गाठी पोट उघडून काढल्यानंतरचा महिना ती तिसऱ्यांदा जगून आली होती.

"अगं, पुरे की आता," हुद्दार डॉक्टर म्हणाल्या. "दुर्बिणीतून केलं तर दोन दिवसांत घरी जाशील. तेही जगून पाहिलंस ना? फार दुखलं का?"

"नाही."

"मग मोठ्या टाक्यांची हौस आहे का तुला?"

शलाका थकल्यासारखी हसली. दुर्बिणीच्या महिन्यात ती स्वतःच उठून चहा करायची आणि आई निर्धास्तपणे आपल्या घरी असायची. मोठ्या टाक्यांच्या महिन्यात मात्र आई उशाशी बसून मेतकूट-भात भरवायची. टोपीच्या यंत्रात शलाकाची माहिती भरली तेव्हा आई होती. ती गेल्याचं यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.

"खरं ऑपरेशन झाल्यावर भरवायला ती नसेल गं," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे. आत्ता तीच म्हणाली, 'ऊठ बाई आता, किती लोळशील?'"

शलाकाने टोपी टेबलावर ठेवली आणि ती उठली.

"दुर्बिणीनेच करा," ती म्हणाली.