वारेचा तुकडा

बाळ झाल्यावर पडलेली वार ट्रेमध्ये पसरायची आणि ती सबंध आहे ना ते बघायचं, हे थोरल्या सिस्टरचं रोजचंच काम. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. इतक्या वर्षांत तिला कधी किळस आली नव्हती. आज आली.

वारेच्या कडेचा एक लचका गायब होता. पण कड फाटलेली नव्हती. तिथे बारीक बारीक अर्धगोल खाचा होत्या, ओळीने.

"डॉक्टर, तुकडा आत राहिलाय."

डॉक्टरीणबाईंनी हात घालून चाचपलं. बाळंतीण कळवळली. "आत काही नाही हो. पिशवी साफ आहे, रक्तही थांबलंय."

सिस्टरने खाचांवरून बोट फिरवलं आणि ट्रे बाजूला सारला.

"किती गुणी बाळ!" कोपऱ्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेली बाळंतिणीची आई म्हणाली. "आल्यापासून हूं नाही की चूं नाही. नुसतं तोंड हलवतंय. भुकेलंय वाटतं."

रक्ताच्या धावपळीत बाळाचं तोंड पुसायचं राहूनच गेलं होतं. सिस्टरने करंगळीला ओलं फडकं गुंडाळलं. बाळ छान गुलाबी होतं. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटीवर तांबूस, चिकट लाळ. गाल मात्र सावकाश हलत होते, रवंथ केल्यासारखे.

"आ कर रे राजा," म्हणत तिने बोट आत सरकवलं.

बाळाने तोंडात होतं ते गिळलं, आणि तिच्या बोटावर तोंड मिटलं.