पाहुण्याची भूमिका

लिफ्टमध्ये कोणतं बटण दाबायचं, हे मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मॅनेजरच्या लक्षात आलं, की परीक्षा सुरू झाली आहे.

खरं तर खाली काउंटरवरच त्याला शंका आली होती. विद्यापीठात बावीस वर्षं पर्यटन शिकवलेल्या बाईंनी हॉटेलचा साधा फॉर्म उलटसुलट करून पाहिला होता. ‘येण्याचं कारण’ या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं आणि इथे काय लिहायचं असतं, असं त्यांनी काउंटरवरच्या मुलीला हळूच विचारलं. मुलीने गोंधळून मॅनेजरकडे पाहिलं. मी बघतो, असं त्याने डोळ्यांनीच खुणावलं.

मॅडमचा वर्ग त्याच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा होता. त्या पुस्तक क्वचित उघडायच्या. दोन बाकं जोडली की काउंटर तयार. एका विद्यार्थ्याने रिसेप्शनिस्ट व्हायचं आणि पाहुणा बहुतेक वेळा मॅडम स्वतःच. कधी चिडलेला व्यापारी, कधी बुजलेली नवी नवरी, कधी सामान हरवलेला म्हातारा. पदर खोचून त्या व्यापारी झाल्या की वर्ग हसून लोळायचा, पण समोर उभं राहणाऱ्याची दातखीळ बसायची. मॅनेजर स्वतः तर तेव्हा इतका पुटपुटायचा की पोरांनी त्याचं नावच पुटपुट्या पाडलं होतं. मॅडमनी त्याला वर्षभर दर आठवड्याला उभं केलं. पाहुणा काय विचारतो ते तर ऐकच, म्हणायच्या, पण त्याला काय विचारायची लाज वाटतेय, तेही ऐक.

मॅडमना बारीकसारीक सगळं माहीत असायचं. समुद्राकडच्या खोलीत पडदे कायम दमट लागतात. मोठ्या हॉटेलात पाहुणा पहिल्या रात्री उशी बदलून मागतो. ऐकताना वाटायचं, बाई अर्धं जग पालथं घालून आल्या असणार. अभ्याससहलीला मात्र दुसरे सर यायचे. मॅडम बसपाशी येऊन डोकी मोजायच्या, कुणाच्या डब्याचं झाकण नीट लावून द्यायच्या आणि परत आल्यावर प्रत्येकाकडून दहा-दहा पानं लिहून घ्यायच्या. काय पाहिलं ते नुसतं नको, कसं वाटलं तेही लिहा, असा हट्ट असायचा. नोकरीला लागल्यावरही कित्येकजण सवयीने त्यांना पत्रं पाठवत राहिले. तोही त्यातलाच.

प्रत्येक पत्राच्या शेवटी तो लिहायचा, एकदा इकडे या. प्रत्येक उत्तरात काही ना काही अडचण असायची. परीक्षा, पेपर तपासणी, आईची तब्येत. आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि मॅडम पाचच्या ठोक्याला घरी जायच्या, एवढं सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात मात्र मॅडमचाच फोन आला. आई गेली, दोन महिने झाले, असं म्हणाल्या. निवृत्तीचे कागदही हातात पडले होते. मग विचारलं, तुझ्याकडे एखादी खोली मिळेल का रे? त्याने सर्वांत चांगली खोली ठेवून दिली.

आता त्या खोलीच्या दाराशी त्या प्लॅस्टिकचं कार्ड हातात धरून उभ्या होत्या. किल्ली कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. हीच किल्ली, असं म्हणत त्याने कार्ड कसं टेकवायचं ते दाखवलं, पण दार त्यांनाच उघडू दिलं. हिरवा दिवा लागला तेव्हा त्या दचकल्या. काय अभिनय आहे, त्याच्या मनात आलं. पहिल्यांदाच हॉटेलात उतरलेला पाहुणा, ही एक भूमिका त्यांनी वर्गात कधी केली नव्हती. ती त्यांनी त्याच्यासाठी राखून ठेवली असणार, या कल्पनेने त्याला भरून आलं.

मग तोही मन लावून खेळला. ही पाण्याची बाटली उघडली तर चालते का? चालते. एवढे टॉवेल एकट्या माणसाला? हो, सगळे तुमचेच. दुसरा पलंग पाहून त्या जरा थबकल्या.

“इथे आणखी कुणी येणार आहे?”

“नाही मॅडम. पूर्ण खोली तुमची आहे.”

तो हसला नाही, घाई केली नाही, कुठेही पुटपुटला नाही. जणू हे प्रश्न रोज शंभर लोक विचारतात, अशा आवाजात त्याने प्रत्येकाचं उत्तर दिलं. मग पुढे होऊन खिडकीचा पडदा सारला.

समोर दुपारचा समुद्र होता. मॅडमच्या खांद्यावरची पिशवी घसरून कोपरापर्यंत आली, तरी त्यांनी ती सावरली नाही. त्या काचेजवळ गेल्या. खाली एक बाई लहान मुलीला पाण्याकडे नेत होती आणि मुलगी मागे ओढत होती. बराच वेळ त्या तेच पाहत राहिल्या.

“रात्रीही समुद्राचं हे असंच चालू असतं?”

“रात्रभर, मॅडम.”

“आणि नुसतं बघत बसलं तर कुणी काही म्हणत नाही?”

“कुणीही नाही. हवा तितका वेळ बसा.”

त्यांनी मान हलवली. यापेक्षा चांगला शेवट होणार नाही, असं त्याला वाटलं. कोटाची बटणं ठीकठाक करत तो बाकांच्या काउंटरमागे उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला.

“आता नाटक पुरे, मॅडम,” तो म्हणाला. “सांगा, किती मार्क दिले?”

त्या वळल्या. डोळे भरलेले होते आणि चेहरा चूक पकडली गेलेल्या एखाद्या विद्यार्थिनीसारखा ओशाळला होता.

“मार्क कसले रे,” त्या म्हणाल्या, “मी खरंच विचारत होते.”