हलू नकोस

सुलट बाजू

"झालं का गं, आई?" लेकीने दारातून विचारलं.

"झालंच," म्हणत तिने शर्ट भरतकामाच्या रिंगेतून सोडवला.

निळा शर्ट, लेकीचा. डाव्या मनगटाच्या वर पांढऱ्या धाग्याची वेल. पानं एकसारखी, टोकं नीट मिटलेली. उभा जन्म तिने हौसेने मशीनवर भरतकाम केलं होतं. उशांचे अभ्रे, पडदे, नवऱ्याचे रुमाल, एवढंच काय, भांडी पुसायची फडकीसुद्धा तिच्या तावडीतून सुटली नव्हती.

बाहेरच्या खोलीत मुलगा फोनवर होता. "हो, शिवणयंत्रच न्यायचंय. शिवणवर्गात द्यायचंय. टेम्पो मागच्या गल्लीने आणा. नाही, अजून नक्की नाही. पण या तुम्ही."

उलट बाजू

घडी करायला म्हणून तिने बाहीत बोटं घातली आणि ती अडली.

पुन्हा घातली. पुन्हा अडली.

तयार शर्टाची बाही रिंगेत धरायची, तर आधी तिची शिवण उसवून कापड पसरायचं आणि काम झालं की परत शिवायचं. ही गोष्ट तिने शेजारणींना ओरडून ओरडून शिकवली होती. आज तीच राहिली. सुई वरच्या कापडातून खालच्या कापडात उतरत राहिली आणि पान न् पान भरत गेलं. बाहीच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट शिवल्या गेल्या होत्या. वेल सुरेख होती. बाही बंद होती.

मागच्या महिन्यात सुई तिच्या बोटात घुसली, तेव्हाच मुलाने मशीन द्यायचं ठरवलं. लेकीने भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं होतं: एक काम करू दे तिला. नीट झालं, तर मशीन राहील.

सुलट बाजू

मुलगा आत आला. "बघू."

तिने शर्ट मांडीवरच ठेवून नुसती वेल दाखवली.

"दिसतेय छान," तो म्हणाला. "पण या मशीनने तुझं बोट शिवलं, आई. वर सॉरीसुद्धा म्हणालं नाही."

"बोट माझं होतं. तुझं काय दुखलं?"

"माझं? रक्त बघून मी खाली बसलो, विसरलीस?"

"विसरेन कशी? आधी तुला पाणी दिलं, मग माझ्या बोटाला पट्टी बांधली."

लेक खळखळून हसली. मुलगाही हसणार होता, पण त्याची नजर आईच्या हाताकडे गेली. तिने हात शर्टाखाली सरकवला. शर्ट हलायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला.

उलट बाजू

मशीन चालू असलं, दोन्ही हात रिंगेवर आणि पाय पायडलवर असला, की तो हात थरथरत नाही. मशीन थांबलं की सुरू होतो. हे तिने डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. सांगून काय, मशीनसमोरून उठूच नका, असं थोडंच म्हणणार होते ते!

सुलट बाजू

"दे, घालून बघते."

"अगं थांब. धागे कापायचे राहिलेत. उद्या ने."

"उद्या? तो टेम्पो बोलावून बसलाय आणि तू उद्याचं काय घेऊन बसलीस?"

लेकीने मांडीवरून शर्ट ओढून घेतला. उजवा हात घातला. मग डावा.

"हलू नकोस," आई एकदम म्हणाली.

लेक लहान असताना, फ्रॉक अंगावर बेतताना, तोंडात टाचण्या धरून ती हेच म्हणायची. लेक तेव्हा जशी थांबायची तशीच आत्ताही थांबली. हात कोपरापुढे गेलेला, पंजा कुठेच दिसत नव्हता.

मध्ये

दोन कापडांच्या मध्ये बोटं वाट शोधत होती. वेलीच्या कडेला कापड एकदा इकडे वर आलं, एकदा तिकडे. मग कुठेच नाही.

लेकीने आईकडे पाहिलं. आईने मशीनकडे.

"ताई, झालं का?" बाहेरून मुलाचा आवाज. "टेम्पो आलाय. काय सांगू?"

लेकीने टाचेने दार लोटलं. "थांबव त्याला. एक टाका राहिलाय."

"एकच ना?"

मशीनशेजारची छोटी कात्री उचलून लेकीने आईच्या हातात दिली. स्वतःचा डावा हात उताणा करून समोर धरला. आता वेलीची मागची बाजू वर आली होती.

"वेल उसवेल," आई पुटपुटली.

"उसवू दे. परत भर."

"मग बोटं तरी काढ आतली."

"राहू देत. कापड वर उचलून धरते, म्हणजे टाके दिसतील तुला."

"माझा हात बघतेयस ना?"

"केव्हापासून बघतेय," लेक म्हणाली. "काप तू. मी हलत नाही."

कात्रीचं टोक हवेत थरथरत होतं. खाली, निळ्या कापडाआड, बोटं अगदी स्थिर.

आईने खुर्ची पुढे ओढली. मशीन बंद होतं. तरी तिने टेबलाखाली पायाने चाचपत पायडल शोधलं आणि त्यावर हळूच पाय दाबला.