बाहेर उघडणारं दार

वरच्या मजल्यावरच्या डेकसाठी, म्हणजे लाकडी उघड्या गच्चीसाठी, दार निवडताना योहाना दुकानात पुन्हापुन्हा सांगत होती, "आत उघडणारं घेऊ या. डेकला जिना नाही, आणि चिनूकचा गरम वारा सुटला की छपरावरचा बर्फ घसरून नेमका दारापुढे पडतो."

विक्रेत्याने उत्तर दिलं ते तिच्या नवऱ्याला. "साहेब, बाहेर उघडणारं दार वाराच दाबून घट्ट बसवतो. शिवाय तीन काचा! बाहेर उणे तीस असो नाहीतर अधिक तीस, आत कळणार नाही. आवाजसुद्धा येणार नाही."

"ऐकलंस ना?" गेरिट हसला, तिच्याकडे न बघता मान डोलावली आणि सही करून मोकळा झाला. दर हिवाळ्यात बर्फ उपसायची ती. तिने राग गिळला, पण तो पचला नाही.

जानेवारीत एका गोठलेल्या सकाळनंतर दुपारी चिनूक सुटला. सगळ्या गल्लीसारखाच गेरिटही अर्ध्या चड्डीवर डेकवर मांस भाजायला गेला. घर हादरलं. छपरावरचा ओला बर्फ बंद दाराला टेकून ढीगभर पडला आणि दार बाहेर उघडेना.

योहाना आतून दारापाशी आली तेव्हा तो कालथ्याने बर्फ उकरत होता. तिला पाहताच आत खिडकीशी ठेवलेल्या फावड्याकडे बोट दाखवत तो जिवाच्या आकांताने ओरडू लागला. वारा पडला होता, थंडी परतत होती. तीन काचांमधून तिला त्याचा एक शब्दही ऐकू येईना.



योहाना हसली, त्याच्याकडे न बघता मान डोलावली आणि आधी स्वतःसाठी कॉफी ठेवली.