मनगटावरची चिठ्ठी

जुन्या बाहुल्यांना नवं रूप देण्यात बाहुलीताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी आलेल्या प्रत्येक बाहुलीच्या मनगटाला ती चिठ्ठी बांधायची: काम काय आणि हवं कधी. ज्यांच्या चिठ्ठीवर 'घाई नाही' असायचं, त्या बिचाऱ्या वर्षानुवर्षं फडताळात धूळ खात पडायच्या.

आतल्या खोलीतून आई आठवड्यात चौथ्यांदा म्हणाली, "बाळा, केस विंचरून देतेस जरा? माझा हात वर जात नाही गं."

"अगं, दिसतंय ना कामात आहे? विंचरू सावकाश, कुठे आग लागलीय!"

दुपारी एक बाई आपली बाहुली न्यायला आल्या. तिच्या रेशमी वेण्या बघून हरखल्याच. "किती मायेनं विंचरलेत हो केस!"

बाहुलीताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात आई भिंत धरत बाहेर आली आणि निमूटपणे फडताळाशेजारच्या स्टुलावर बसली. केसांचा पार गुंता झालेला. बाईंनी आईच्या मनगटाकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

मग बाहुलीताईनं पाहिलं. मनगटाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. अक्षर आईचं, थरथरतं:

'केस विंचरायचे. घाई नाही.'