दुसरा ब्रेक

(स्पर्धेचा विषय ‘वेग’ आहे. बाकीचे शर्यतींवर लिहितील, लिहू देत. माझी गोष्ट थांबण्याची. बलात्कार झालेल्या बाईला ‘मग तू त्याच्या गाडीत बसलीसच कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी ती आधी वाचावी. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, एवढं ठाऊक असलं की पुरे. शब्द बरोब्बर शंभर. ही कुरकुर त्यांत धरू नका.)

रिकाम्या मैदानात गाडी हळूहळू सरकली आणि तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं. गेल्या वर्षी ‘घरी सोडतो’ म्हणणाऱ्या साहेबांना ती ‘थांबवा, थांबवा’ म्हणत राहिली. गाडी थांबली नाही, मग साहेबही थांबले नाहीत. तक्रारीला निघाली तेव्हा आईनेच वाट अडवली होती: ‘चारचौघांत शोभा करू नकोस.’ ती एकटीच गेली. आज आई मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसली होती. ‘ताई, तुमच्याकडचा ब्रेक दाबा!’ लेक ओरडली. शिकवणाऱ्या ताईंनी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली. ‘आता ब्रेक फक्त तुझ्याकडे. तू थांबव, ती थांबेल.’ लेकीने ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली, दरवेळी थांबली. मागून आईचा आवाज आला, ‘तारखेला कोर्टात मीही येणार. टॅक्सी नको. तूच ने मला.’